शेततळ्याचे तीन डबे: फाटणाऱ्या प्लास्टिकसाठी पैसे आधीच कसे ठेवायचे

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरावृत्ती थोडी कमी केलीये, आकडे वहीतून पुन्हा तपासून घेतलेत. बाकी जसं बोललो तसं.)

आज आवाजामागं मोटारीची घरघर येईल, सांभाळून घ्या. वसमत तालुक्यात आमचं वावर आहे आणि मी आखाड्यावर बसूनच बोलतोय. समोर शेततळं आहे. आजचा विषयही तेच.

झालं असं की मागच्या आठवड्यात एका मित्राचा व्हॉइस मेसेज आला. पुण्यात नोकरी करतो, गाव सेनगाव तालुक्यात. म्हणाला, "भावा, गावाकडं फार्महाऊस बांधायलोय. छोटा स्विमिंग पूल करायचा विचार आहे. बांधायचा खर्च कळला, पण दुरुस्ती आणि देखभालीला वर्षाला किती धरावं? आणि नाहीतरी शेततळं आहेच, तर त्यालाच पूल समजून वापरलं तर?"

प्रश्न दोन आहेत. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दाचं आहे: नको. का नको, ते पुढं सांगतो. आमच्या घरात ते फार महागात पडता पडता राहिलंय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा लांब आहे. हिंगोली जिल्ह्यात घरी पूल असणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी असतील. पण घरी शेततळं असणारे? गावागावात आहेत. आणि गंमत म्हणजे दोन्हीचा हिशेब एकच आहे. मोठा खड्डा, त्यात पाणी, पाणी धरून ठेवणारं एक अस्तर. अस्तर कधीतरी जाणार. प्रश्न फक्त एवढाच की ते जाईल त्या दिवशी तुमच्याकडं पैसे असतील का.

आमच्याकडं नव्हते.

आमची गोष्ट

२०१६ साली राज्यात 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. अनुदान जास्तीत जास्त ५०,००० रुपये. पुढं मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत ते ७५,००० पर्यंत गेलं, अर्ज महाडीबीटीवर करायचा. आम्ही पहिल्या योजनेत तळं खोदलं. ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंना एकास एक उतार. त्या योजनेत खोदाईला पैसे होते, प्लास्टिकच्या अस्तराचा खर्च आपला आपण करायचा. आणि अटींमध्ये अजून एक ओळ होती, जी आम्ही सही करताना वाचली नाही: निगा आणि दुरुस्तीची जबाबदारी शेतकऱ्याची.

२०१७ च्या उन्हाळ्यात प्लास्टिक टाकलं. पाणी भरलं त्या दिवशी आईनं नारळ फोडला, बाबांनी फोटो काढायला लावला. तळ्याकडं बघून वाटायचं, आता आपलं झालं. हळदीला पाणी कमी पडायचं नाही.

सात वर्षं खरंच पडलं नाही. त्या सात वर्षांत आम्ही तळ्यावर जवळपास एक रुपया खर्च केला नाही. मला वाटायचं ही बचत आहे. ती बचत नव्हती मंडळी, ती उधारी होती. फक्त सावकार दिसत नव्हता.

२०२४ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडं अतिवृष्टी झाली, आठवत असेल. सोयाबीन पाण्यात गेलं. पण विहीर तुडुंब होती, म्हणून पंधरा दिवसांत तळं काठोकाठ भरून घेतलं. दिवाळीला बघतो तर पाणी दोन हात खाली. अजून हळदीला एक पाळी दिली नव्हती, मोटार चालू केली नव्हती.

मी म्हटलं, "बाबा, पाणी कमी व्हायलंय."

बाबा म्हणाले, "ऊन आहे की. उडून जायलंय. दरवर्षी जातंय."

बाबांचं म्हणणं चूक नव्हतं. पाणी उडतंच. पण किती उडतं, हे मोजल्याशिवाय कळत नाही. आणि मोजायची पद्धत मला सापडली ती स्विमिंग पूलवाल्यांच्या एका व्हिडिओत.

बादलीची परीक्षा

ही पद्धत जगभर पूल असणारी माणसं वापरतात आणि ती फुकट आहे. लिहून घ्या.

एक बादली घ्यायची. तळ्याचंच पाणी भरायचं. आत दोन विटा टाकायच्या म्हणजे ती तरंगणार नाही. दोराला बांधून काठाजवळ अशी सोडायची की बादली बाहेरून निम्मी पाण्यात राहील. कारण बांधावर उन्हात ठेवलेली बादली जास्त तापते आणि चुकीचा आकडा देते. बादलीच्या आत पाण्याच्या रेषेवर मार्करनं खूण करायची. तळ्याच्या पाण्याची पातळी वेगळ्या उभ्या पट्टीवर मोजायची. उतारावर मोजू नका हं. एकास एक उतारावर १० सेंटीमीटर म्हणजे उभ्यात सातच भरतात. आणि हे काम एकट्यानं करू नका, सोबत एक माणूस काठावर पाहिजेच.

मग तीन दिवस मोटार बंद, पाणी घेणं बंद. पाऊस आला तर पुन्हा पहिल्यापासून.

तीन दिवसांनी दोन्ही मोजायचे. बादलीतलं पाणी फक्त उन्हानं आणि वाऱ्यानं कमी होतं. तळ्यातलं त्याहून जास्त कमी झालं असेल, तर जास्तीचं पाणी जमिनीत चाललंय.

आमची बादली १२ मिलिमीटरनं उतरली. तळं ७० मिलिमीटरनं.

म्हणजे ५८ मिलिमीटर पाणी गळतीत गेलं. पाणी जिथवर होतं तिथं तळं साधारण २८ बाय २८ मीटर भरतं, म्हणजे ७८४ चौरस मीटर. गुणाकार करा: तीन दिवसांत ४५,००० लिटरच्या वर. दिवसाला १५,००० लिटर. ५,००० लिटरचे तीन टँकर आम्ही रोज जमिनीत ओतत होतो.

बाबांना हा आकडा सांगितला तेव्हा ते काही बोलले नाहीत. उठून तळ्याच्या कडेनं एक चक्कर मारून आले.

नोव्हेंबरच्या शेवटी पाणी तळापासून पाच फुटांवर येऊन थांबलं. ही सुद्धा एक खूण आहे. पातळी उतरत उतरत एका जागी थांबली, तर छिद्र त्याच रेषेच्या आसपास असतं. शोधलं तर सापडलं. बांधाच्या आतून उंदरांनी पोखरलेलं, मागची माती खचलेली, आणि त्या पोकळीवर पाण्याच्या वजनानं प्लास्टिक ताणून फाटलेलं. तोवर जवळजवळ दहा लाख लिटर पाणी गेलं होतं. एक एकराला पाच सेंटीमीटरची एक पाळी द्यायला दोन लाख लिटर लागतं. म्हणजे पाच पाळ्या गेल्या.

चिकटत नाही, जोडावं लागतं

दुकानात जाऊन मी चिकटवायचा गोंद आणला. लावला. दुसऱ्या दिवशी पापुद्र्यासारखा निघून आला. तेव्हा कळलं की शेततळ्याचं प्लास्टिक पॉलिथिलीन असतं आणि पॉलिथिलीनला साधे गोंद धरतच नाहीत. ते गरम हवेच्या मशीननं वितळवून जोडावं लागतं. तेही कोरडं आणि स्वच्छ असताना. म्हणजे पाणी छिद्राच्या खाली गेल्याशिवाय दुरुस्ती नाही.

वेल्डिंगवाला आला. छिद्राला ठिगळ लावलं, शेजारची सहा मीटर सांधणी उसवली होती ती जोडली. १८,००० रुपये. जाताना म्हणाला, "भाऊ, खालचं चांगलं आहे. पण वरचा पट्टा कडक झालाय, बोटानं मोडायलंय. एकीकडं जोडलं की शेजारी फाटंल. औंदा निघंल कसंतरी, पुढच्या साली बदलावं लागंल."

वरचा पट्टा का? कारण पाण्याखालचं प्लास्टिक सावलीत असतं. पाण्याच्या वरचं मराठवाड्याच्या उन्हात. जिथं आपण पाणी लवकर उपसून तळं रिकामं ठेवतो, तिथं सगळंच उन्हात.

पावती काढून बघितली. त्यावर 'शेततळे कागद' एवढंच लिहिलेलं. जाडी नाही, मानक नाही, हमी नाही. ५०० मायक्रॉन म्हणून घेतलं होतं, पण कागदावर पुरावा नाही. दुकानदाराकडं गेलो, त्यानं हात वर केले. त्याच्यावर राग काढून उपयोग नव्हता, पावती न वाचता खिशात घालणारे आम्हीच.

१८,००० कुठून आणले? आडत्याकडून उचल. हळद अजून जमिनीत होती आणि तिच्यावर पैसे उचलून आम्ही तिच्याच पाण्याचं छिद्र बुजवत होतो.

हळदीचं काय झालं, तेही सांगतो. दोन एकरात एरवी ३६ क्विंटलच्या आसपास वाळलेली हळद होते. त्या साली २५ झाली. सगळी घट पाण्याचीच, असं मी छातीठोक म्हणणार नाही, अतिवृष्टी होती, शेवटी करपाही होता. पण जानेवारीत दोन पाळ्या चुकल्या हे खरं. आमच्या मालाला १२,००० च्या आसपास भाव लागला. ११ क्विंटल गुणिले १२,०००, म्हणजे १,३२,०००.

हा आकडा लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

ज्या दिवशी दोर नव्हता

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडं येतो. तळ्याला पूल समजून वापरलं तर?

२०२५ च्या मे महिन्यात ताई पोरांना घेऊन सुट्टीला आली. भाचा नऊ वर्षांचा. पुण्यात सोसायटीच्या पूलमध्ये पोहायला शिकलेला. त्याला वाटलं मामाकडं तर किती मोठा पूल आहे. दुपारी आम्ही जेवून आडवे झालो होतो. तो काठावर पाय भिजवायला गेला आणि घसरला.

तळ्यात तेव्हा चार फूट पाणी होतं. फार नाही. त्याला पोहता येत होतं. पण मंडळी, पूलमधून बाहेर यायला पायऱ्या असतात, शिडी असते, काठ हाताला लागतो. शेततळ्यात चारी बाजूंनी ओलं, शेवाळलेलं प्लास्टिक. उतार एवढा की मोठा माणूसही चढू शकत नाही. हात टाकला की घसरतो, पाय टेकला की घसरतो. माणूस पोहून पोहून दमतो आणि काठ दोन हातांवर असताना बुडतो. आपल्या भागातल्या पेपरात उन्हाळ्यात या बातम्या येतात, आपण वाचतो आणि पान उलटतो.

त्याचं ओरडणं आईनं ऐकलं. बाबा धावले. दोर नव्हता. ट्यूब नव्हती. कुंपण नव्हतं. 'दोर आणू, कुंपण करू' हे आमच्याकडं सात वर्षं चाललं होतं. बाबांनी स्प्रिंकलरचा सहा मीटरचा पाईप उचलला, उतारावरून खाली सोडला. मी मागून बाबांना धरलं. पोरानं पाईप धरला आणि आम्ही त्याला ओढून वर घेतलं.

गुडघे सोलवटले, बाकी काही नाही. ताई त्या दिवशी कुणाला काहीच बोलली नाही. रात्री मला म्हणाली, "दोराला किती लागतात रे?"

मी म्हटलं, "हजार-बाराशे."

ती उठून आत गेली.

म्हणून सांगतो, शेततळ्यात पोहायचं नाही. पोहता येणाऱ्यानंही नाही. आणि बजेटची पहिली ओळ प्लास्टिकची नसते, दोराची असते.

तीन डबे

त्या उन्हाळ्यात आम्ही सगळं बदललं. नवं अस्तर, कुंपण, आणि हिशेबाची पद्धत. आई पूर्वी घरखर्चाचे पैसे वेगवेगळ्या डब्यांत ठेवायची, किराण्याचा वेगळा, दवाखान्याचा वेगळा. तेच केलं. तीन डबे.

पहिला डबा जिवाचा. चारी बाजूंनी जाळीचं कुंपण आणि कुलूप लागणारं दार. चारी बाजूंना खुंटीला बांधलेले, गाठी मारलेले दोर, जे थेट तळापर्यंत पोचतात. हवा भरलेल्या दोन ट्यूब. काठावर पाटी. आमच्या कुंपणाला ३८,००० लागले. हा एकदाचा खर्च आहे आणि तळ्यात पाणी सोडायच्या आधी करायचा. कुंपणाला पैसे नसतील, तर पुढच्या हंगामापर्यंत पाणी भरू नका. माझं मत कडक वाटेल, पण ते पोराला पाईपनं ओढल्यावर बनलंय.

दुसरा डबा वर्षाचा. हा दरवर्षी रिकामा होणारच. आमच्या वहीतले आकडे वाचतो:

बांधावरचं गवत आणि लव्हाळा काढणं, उंदरा-खेकड्यांची बिळं बुजवणं: ३,००० रुपये.
वेल्डिंगवाल्याची उन्हाळ्यातली एक फेरी: २,५००.
दोर आणि ट्यूब बदलणं: १,२००.
कुंपणाची डागडुजी: १,३००.
गाळ काढणं आणि पाणी आत येतं तिथली जाळी: १,०००.
एकूण ९,०००.

लव्हाळ्याला हलकं घेऊ नका. त्याचा कोंब टोकदार असतो, खालून प्लास्टिकला भोक पाडतो. नवं अस्तर टाकायच्या आधी तळ आणि उतार साफ करून, दगड आणि मुळं वेचूनच टाका. कुत्री, रोही, रानडुकरं पाण्याला येतात आणि नखांनी-खुरांनी फाडतात. म्हणजे कुंपण पोरांना वाचवतं आणि प्लास्टिकलाही.

तिसरा डबा बदलीचा. हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दुर्लक्षित.

त्याचं गणित असं. ३० बाय ३० च्या तळ्याला तळ, दोन्हीकडचा उतार आणि बांधावर मातीत पुरायची कड धरली तर साधारण ३५ बाय ३५ मीटर अस्तर लागतं, म्हणजे १,२२५ चौरस मीटर. आम्हाला चौरस मीटरला १०० रुपये पडले. तुमच्याकडं दर वेगळा असेल, स्वतःचं कोटेशन टाका. १,२२,५०० झाले. जेसीबी, उतार सारखे करणं, मजुरी, जोडणी मिळून २७,५००. एकूण दीड लाख.

अस्तर दहा वर्षं टिकेल असं धरलं तर दरवर्षी १५,००० बाजूला पडले पाहिजेत. कुणी म्हणेल दहा वर्षांनी भाव वाढलेला असेल. बरोबर. पण ठेवलेल्या पैशाला व्याजही मिळतं, ते वाढीचा बराच भाग झाकतं. आणि दर दोन वर्षांनी नवं कोटेशन घ्यायचं, रक्कम त्याप्रमाणं वाढवायची.

आता तो १,३२,००० चा आकडा आठवा. २०१७ पासून सात वर्षं १५,००० ठेवले असते तर १,०५,००० जमले असते. आम्ही ते ठेवले नाहीत आणि एका हंगामात त्याहून जास्त घालवले. वर नव्या अस्तराचे दीड लाख द्यावेच लागले. त्यातले ८०,००० हळदीचे. उरलेले ७०,००० ताईचे, भाच्याच्या शिक्षणाला ठेवलेले. ज्या तळ्यात तो घसरला, त्याचं प्लास्टिक त्याच्याच फीच्या पैशातून आलं. हे वाक्य मी स्वतःशी पुष्कळदा म्हणतो.

पगार नसेल तर हप्ता कसा पाडायचा?

नोकरीवाल्याला सोपं आहे. महिन्याला १,२५० ची आरडी लावली की वर्षाचे १५,०००. पोस्टाची आरडी महिन्याला १०० रुपयांपासूनही उघडते. पण शेतात महिना नसतो, हंगाम असतो. ज्या महिन्यात पैसा नाही त्या महिन्यात हप्ता चुकतो, आणि एकदा चुकला की माणूस सोडूनच देतो.

म्हणून आम्ही हप्ता महिन्याला नाही, क्विंटलला बांधला. हळदीच्या क्विंटलमागं ३०० रुपये. सोयाबीनच्या क्विंटलमागं १२० रुपये. ३६ क्विंटल हळदीचे १०,८०० आणि पाच एकरातल्या ३५ क्विंटल सोयाबीनचे ४,२००. बेरीज १५,०००. माल काट्यावरून उतरला, पट्टी हातात आली, खात्यात पैसे जमा झाले, की त्याच दिवशी फोनवरून दुसऱ्या खात्यात टाकायचे. घरी येऊन नाही. मार्केटमधल्या चहाच्या टपरीवरच. घरी आलं की खर्च वाट बघत बसलेले असतात.

यात एक सोय आहे. पीक कमी झालं तर हप्ताही आपोआप कमी होतो, अपराधी वाटत नाही. पण चांगल्या साली तूट भरून काढायची, हे वहीत लिहून ठेवा.

ते दुसरं खातं आईच्या नावावर आहे आणि त्याला यूपीआय जोडलेलं नाही. पैसे टाकायला सोपं, काढायला बँकेत जावं लागतं. मुद्दाम. गेल्या दिवाळीत मला गाडीच्या टायरसाठी त्यातले पैसे घ्यायची इच्छा झाली होती. आईला विचारलं. ती म्हणाली, "टायर पाण्यात घालायचेत का?" विषय संपला.

तुमच्या पूलचं काय?

आता सेनगावच्या मित्रा, तुझं उत्तर. तीन डबे तुलाही लागतील, फक्त आतली नावं बदलतील.

समज, ८ बाय ४ मीटरचा आणि सरासरी १.२ मीटर खोल पूल. त्यात ३८,४०० लिटर पाणी बसतं. एप्रिल-मेमध्ये दिवसाला ८ मिलिमीटर उडालं तरी रोज २५० लिटरच्या वर भर घालावी लागेल. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो तिथं हे पाणी कुठून आणणार, हा पैशाच्या आधीचा प्रश्न आहे. शेजाऱ्यांना तोंड दाखवायचं असतं.

पहिल्या डब्यात कुंपण, शिडी आणि काठाला न घसरणारी फरशी. दुसऱ्यात वीज, क्लोरीन, पाण्याचा पीएच तपासायची किट आणि साफसफाई. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवायचा, नाहीतर डोळे चुरचुरतात, टाइलचे सांधे खराब होतात, क्लोरीनही नीट काम करत नाही. तिसऱ्यात पंप, फिल्टरमधली वाळू आणि टाइल-प्लास्टर. प्रत्येक वस्तूसमोर दोन आकडे लिही: आज बदलायची झाली तर किती रुपये, आणि किती वर्षं टिकेल. पहिल्याला दुसऱ्यानं भाग. येणाऱ्या सगळ्या उत्तरांची बेरीज म्हणजे तुझा वर्षाचा बदलीचा हप्ता. कुठल्याही वस्तूला हे गणित चालतं, ट्रॅक्टरलाही आणि फोनच्या बॅटरीलाही.

आपल्या भागाची एक गोष्ट मात्र वेगळी आहे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. सिमेंटच्या टाकीला ते सोसत नाही. त्यात आपल्या जिल्ह्याला अधूनमधून धक्केही बसतात. २०२४ मध्ये २१ मार्चला आणि १० जुलैला सकाळी ४.५ तीव्रतेचे बसले, ते आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहेत. म्हणून पायाचं काम स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय करू नको. तिथं वाचवलेले पैसे तिसऱ्या डब्यातून दुपटीनं जातात. आणि पावसाळ्यात पूल पूर्ण रिकामा ठेवू नको. बाहेरच्या जमिनीत पाणी चढतं, आत वजन नसतं, आणि खालून दाब येऊन तळाला तडा जातो. शेततळ्यातही तसंच, खालून पाणी चढलं की रिकामं प्लास्टिक फुग्यासारखं वर येतं, आणि उन्हाळ्यात वारा ते उचलतो. म्हणून आम्ही तळाला कायम फूटभर पाणी ठेवतो. ते पाणी पिकाचं नाही, प्लास्टिकचं.

जाता जाता

अस्तर घेणार असाल तर पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्या: जाडी किती मायक्रॉन, आयएस १५३५१ मानकाचा शिक्का आहे का, आणि हमी किती वर्षांची. मालाचा हातभर तुकडा कापून पावतीसोबत घरी ठेवा. दुकानदार हे लिहून देत नसेल, तर दुसरं दुकान बघा.

तळं आधीच असेल तर या आठवड्यात दोन कामं करा. एक, गाठी मारलेला दोर बांधा. आज संध्याकाळीच. दोन, बादलीची परीक्षा घ्या आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. पुढच्या वर्षी याच महिन्यात पुन्हा घ्या. फरक वाढला असेल तर प्लास्टिक तुम्हाला आधीच सांगतंय.

आमच्या तिसऱ्या डब्यात पहिल्या वर्षी १५,००० जमले नाहीत. १३,४०० जमले. सोयाबीन कमी झालं. ताईचे ७०,००० अजून पूर्ण फिटलेले नाहीत, ३०,००० बाकी आहेत, ती मागत नाही पण मला माहीत आहेत. भाचा या सुट्टीत येणार आहे. फोनवर विचारत होता, "मामा, तळ्याला कुलूप लावलं का?" मी म्हटलं, "लावलंय." तो म्हणाला, "मग किल्ली आज्जीकडं ठेव, तुझ्याकडं नको."

किल्ली आईकडंच आहे. पासबुकही.

चला, मोटार बंद करायची वेळ झाली. तुमच्या बादलीचे आकडे मला पाठवा, पुढच्या भागात वाचू. आणि ज्याच्या वावरात शेततळं आहे अशा एका तरी मित्राला हा भाग पाठवा, त्यातला दोराचा भाग तरी ऐकायला सांगा. भेटू. रामराम.